हात लावून बघा

मी पीच दाबून बघितलं. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

फ्रान्समधल्या ल्यों शहरातली क्रुआ-रूसची टेकडी, सप्टेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे साडेनऊ. रस्त्याच्या कडेने लांबच लांब बाजार भरलेला. टोमॅटो इतक्या जातींचे की त्यातले निम्मे भोपळे वाटावेत, ओल्या शेवग्यासारख्या हिरव्यागार घेवड्याच्या शेंगा, मध्येच भाजत असलेल्या कोंबड्यांचा खमंग धूर. एका टेबलावर मळकट करड्या लवेची, दिसायला अगदी गरीब अशी पीचं मांडली होती. एक कापून ठेवलेलं होतं आणि आतून ते बिटासारखं लालभडक होतं. द्राक्षांच्या मळ्यात लावायचे म्हणून ‘पेश द व्हीन्य’, मळ्यातलं पीच. मी सवयीने एक उचललं, देठापाशी अंगठ्याने जरासं दाबलं आणि नाकाशी नेलं. समोरची बाई म्हणाली, “बोंजूर, मादाम.” मला वाटलं, काय अगत्यशील बाई आहे! मी हसले. ती परत म्हणाली, “बोंजूर, मादाम,” आणि या वेळी त्या दोन शब्दांच्या मध्ये एक छोटासा खड्डा होता. त्या खड्ड्यात मी पडले. तिने माझ्या हातातलं पीच हळूच काढून घेतलं, फिरवून बघितलं आणि ढिगावर परत न ठेवता टेबलाखालच्या लाकडी खोक्यात टाकलं.

“आई, हात नको ना लावूस! आधी बोंजूर म्हणायचं असतं,” लेक कानाशी कुजबुजली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला भर बाजारात, स्वतःच्या मुलीकडून, मराठीत. मी काही न घेता पुढे गेले. चीज घेतलं, पाव घेतला, मधाच्या बाटल्या बघितल्या (लांबून), पण मन त्या टेबलाखालच्या खोक्यात राहिलं. ढिगावर परत का नाही ठेवलं? माझा हात लागला म्हणून? आपल्याकडे वाढलेल्या कुणालाही ‘हात लागला म्हणून बाजूला काढलं’ हे वाक्य साधं ऐकू येत नाही. त्यामागे फार जुनं काहीतरी कण्हत असतं. आणि आपण बहुतेक वेळा ते बाजूला काढणाऱ्यांतले असतो, हेही तेव्हाच आठवलं.

लेक म्हणाली, तसलं काही नसतं गं. दाबलेलं पीच संध्याकाळपर्यंत काळं पडतं, ते मग कुणी घेत नाही, ती घरी नेऊन जॅम करेल. बाजारात फळ निवडायचं काम विकणाऱ्याचं. आपण फक्त सांगायचं, आज खाणार की उद्या, दुपारी की रात्री. सुपरमार्केटमध्ये जा, तिथे हवं तेवढं चाचप, कुणी विचारणार नाही. मला हे सगळं पटलं. पटणं आणि टोचायचं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण मी सोलापूरची. आमच्या आप्पांचं चादरीचं दुकान होतं, आणि त्या दुकानाचं सगळं भांडवल म्हणजे एक वाक्य होतं: “हात लावून बघा की, हात लावायला पैसे पडत नाहीत.” गिऱ्हाईक गादीवर टेकायच्या आत आप्पा चादर त्याच्या मांडीवर टाकायचे. नुसती दाखवायचे नाहीत, टाकायचे. मग कोपरा त्याच्या मुठीत द्यायचे, चुरगाळा म्हणायचे, उलटी करून मागची बाजू दाखवायचे. पुढे मोर हिरव्यावर लाल असेल तर मागे लालवर हिरवा. “बघा, दोन्हीकडून मोरच आहे.” एकदा माणसाने कापड मुठीत धरलं की निम्मा सौदा झाला, असं त्यांचं गणित. दिवसभरात वीस चादरी लोकांच्या हातांखालून गेलेल्या, त्यांच्या घड्या करायचं काम आम्हा बहिणींचं. कुणाच्या हाताला तंबाखूचा वास, कुणाच्या तेलाचा. नव्या चादरीला खळीचा आणि सुताचा वास असतो. दहा जणांनी हाताळली की तो जातो. आप्पा म्हणायचे, आता ही माणसाळली.

मंडईत आईचं हेच. भेंडीचं शेपूट मोडून बघायचं, दुधीला नख लावायचं, नारळ कानाशी हलवायचा. खरं सांगायचं तर आमच्या लक्ष्मी मंडईतल्या बायका काही फार मायेने बघत नसत याकडे. “ओ बाई, मोडू नका, मागनं कोण घेणार ते?” अशी ओरड कायम. पण ती ओरड ओरडच होती, तिच्यावर उलट ओरडता यायचं, आणि शेवटी त्याच बाईकडून वर मूठभर कोथिंबीर घेता यायची. ‘बोंजूर मादाम’वर उलट काय ओरडणार? सभ्यतेला फार धार असते.

तर हे टोचणं घेऊन मी आठ दिवस त्या गावात फिरले.

लेकीची खोली त्याच टेकडीवर, चौथ्या मजल्यावर. खोली कसली, विहीर होती. लांबी-रुंदी बेताची आणि छत मात्र चार मीटर उंच. वर ओकच्या जाडजूड तुळया. खिडक्या जवळजवळ छतापर्यंत. एका कडेला लाकडी माळा, तिथे तिची गादी. पहिल्या रात्री मी त्या तुळयांकडे बघत पडले होते आणि मला कळेना की एवढ्याशा घराला एवढं छत कशाला? थंडीत तापवायला किती खर्च! सकाळी ती म्हणाली, “आई, हे घर माणसांसाठी नाही बांधलेलं. मागासाठी बांधलंय.” एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेशीम विणणारे लोक, ज्यांना इथे ‘कान्यू’ म्हणतात, ते टेकडीवर राहायला आले, तेव्हा त्यांच्या मागाच्या उंचीने घरं बांधली गेली. उंच माग मावावा म्हणून उंच छत, धाग्याचा रंग ओळखू यावा म्हणून मोठाल्या खिडक्या. मधली सगळी जागा मागाची. माणसं माळ्यावर, मागाच्या डोक्याशी झोपायची.

मी म्हटलं, हे तर आपल्या पूर्व भागातलं घर झालं.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी लहानपण काढलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून कारखाना होता. कारखाना म्हणजे सहा यंत्रमागांची पत्र्याची शेड. भिंत दिवसरात्र बारीक थरथरायची, मांडणीवरची भांडी किणकिणायची. रविवारी रात्री माग बंद असले की आम्हाला झोप यायची नाही. तिथले कामगार पद्मशाली, आपसात तेलुगू बोलणारे. मागाच्या वर एक उंच सांगाडा असायचा, त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ खटाखट फिरत खाली यायची, आणि खाली चादरीवर मोर उमटायचा. त्या सांगाड्याला ते ‘जकार्ड’ म्हणायचे. आमच्या आसपासचे सगळे न कळणारे शब्द तेलुगू असायचे, म्हणून जकार्ड हा शब्दही तेलुगूच, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे कॉलेजात कधीतरी कळलं की ते माणसाचं नाव आहे. पण कळणं निराळं. तिसऱ्या दिवशी पावाची लांब काठी काखेत मारून आम्ही क्रुआ-रूसच्या चौकातून जात होतो, समोर एक पुतळा होता आणि चौथऱ्यावर लिहिलं होतं: जाकार. मी थांबलेच. खाली नाक्यावर मुलं स्कूटर फिरवत होती, बाकावर म्हातारी बाई सँडविच खात होती, आणि वर आमच्या मागच्या भिंतीतला आवाज कोट घालून उभा होता.

जोसेफ-मारी जाकार, जन्म १७५२, इथलाच, ल्योंचा. १८०४ सालचं त्याचं यंत्र. त्याआधी नक्षीचं रेशीम विणायचं तर मागाशेजारी एक पोर बसवावं लागे. कुठले उभे धागे उचलायचे त्या दोऱ्या ते दिवसभर ओढत राही. जाकारने त्या पोराच्या जागी पुठ्ठा बसवला. भोक असेल तिथे सुई आत जाते, आकडा धागा उचलतो; भोक नसेल तिथे धागा खालीच. बस्स. विणकरांनी सुरुवातीला त्याला शिव्याशाप दिले, कारण पोटावर पाय येणार हे त्यांना नीट दिसत होतं. तो वारल्यावर काही वर्षांनी, १८३९ मध्ये, याच गावात त्याचं चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला २४,००० पुठ्ठे लागले. लोकांना ते छापील चित्रच वाटायचं म्हणे. चोवीस हजार! आप्पांच्या मोराला काही शे लागत असतील, आणि त्यातला एखादा फाटला की मोराची मान वाकडी यायची. त्या वाकड्या मानेच्या चादरी घरी वापरायला यायच्या. आमच्या घरातले सगळे मोर वाकड्या मानेचे.

जवळच ‘मेझों दे कान्यू’ आहे, विणकरांचं घर. तिथे हातमाग चालवून दाखवतात. दाखवणाऱ्या बाईने आधी सगळ्यांना बोंजूर केलं (मीही केलं, जरा मोठ्यानेच), मग पायटा दाबला, दोरी ओढली, आणि धोटा सुटला. त्या आवाजाला इथल्या लोकांनी शब्दच करून ठेवलाय: बिस्तांक्लाक-पां. पायट्याचा आवाज, मग धोट्याचा, मग फणी ठोकल्याचा. मी डोळे मिटले. यंत्रमागापेक्षा सावकाश, मध्ये श्वास घेणारा, पण तोच. वरून पुठ्ठ्यांची माळ एकेक पाऊल खाली येत होती. बाईने एक मखमल दाखवली, दिवसभर बसून जेमतेम काही सेंटिमीटर होते म्हणाली. प्रकाशात धरली तर एका बाजूने वाइनसारखी, दुसऱ्या बाजूने जवळजवळ काळी. माझा हात आपोआप पुढे झाला आणि लेकीने तो वाटेतच पकडला. मग तो तसाच धरून ठेवला, आम्ही बाहेर पडेपर्यंत. ती चार वर्षांची असताना जत्रेत मी तिचा धरायचे तसा.

ज्यांनी ही मखमल विणली त्यांच्या अंगाला ती कधी लागली नाही, हे कुणी सांगायला नको. १८३१ च्या नोव्हेंबरात मजुरीचा किमान दर ठरला आणि काही व्यापाऱ्यांनी तो मानला नाही, तेव्हा हे लोक काळा झेंडा घेऊन टेकडीवरून खाली उतरले. झेंड्यावर लिहिलं होतं, काम करून जगू नाहीतर लढत मरू. शहर काही दिवस त्यांच्या हातात होतं. मग सैन्य आलं. १८३४ मध्ये परत उठले, तेव्हा शेकड्यांनी मेले. चार पुतळ्यांवरून शाळेत जाणाऱ्या मुलीला ही गोष्ट परकी वाटत नाही. सोलापुरातला १९३० सालचा मार्शल लॉ आणि फाशी गेलेले चौघे आम्हाला पुस्तकाआधी चौकात भेटले होते. दोन्ही गावांत गिरण्या-माग थंडावले आणि पुतळे राहिले. क्रुआ-रूसमध्ये आता ती उंच छताची घरं चढ्या भाड्याने जातात, माळ्यावर लोक पुस्तकं ठेवतात. एका भल्यामोठ्या इमारतीच्या बिनखिडकीच्या भिंतीवर १९८७ मध्ये अख्खी वस्ती रंगवली आहे, जिने, खिडक्या, दुकानं, माणसं, सगळी खोटी. मी लांबून त्यातल्या एका पायरीवर पाय ठेवायला निघाले होते.

जुन्या शहराबद्दल मी फार लिहिणार नाही. गुलाबी-गेरू भिंती, इटालियन व्यापाऱ्यांचे वाडे, गोल जिने, सगळं सुंदर आणि सगळं फोटो काढणाऱ्यांनी भरलेलं, त्यात मीही. समोरच्या टेकडीवरची फूर्व्हिएरची बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, मात्र बघून हसू आलं. चार कोपऱ्यांवर चार मनोरे, मध्ये पांढरं धूड. गावातले लोकच तिला ‘उलटा पडलेला हत्ती’ म्हणतात. एकदा कुणी हे सांगितलं की पुढे दर्शन हत्तीचंच होतं.

त्राबूल मात्र सांगायला हवेत. त्राबूल म्हणजे बोळ, पण उघडा नव्हे. एका रस्त्यावरच्या घराच्या दारातून शिरायचं, अंधाऱ्या बोगद्यातून, आतल्या चौकातून, दुसऱ्या घराच्या जिन्यावरून जायचं आणि भलत्याच रस्त्यावर बाहेर पडायचं. टेकडीवरचे विणकर तयार रेशीम पावसात भिजू न देता यातून खाली नेत. असे बोळ शेकड्यांनी आहेत, त्यातले थोडेच बघता येतात, तेही दिवसा, कारण आत लोक राहतात. लेकीने एका साध्यासुध्या दाराचं बटण दाबलं, कुलूप टक् वाजलं आणि आम्ही कुणाच्या तरी घरात होतो. ओल्या दगडाचा गार वास, टपालपेट्या, कुणाची तरी सायकल, वरून कांदा परतल्याचा वास आणि रेडिओ. भिंतीवर पाटी: शांतता राखा. ‘कूर दे व्होरास’ नावाच्या चौकात सहा मजली दगडी जिना भिंतीला बाहेरून चिकटलेला, उघडा, एखाद्या चाळीसारखा. वर दांडीवर टॉवेल वाळत होता. पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याचा लोखंडी गज एवढा गुळगुळीत झाला होता की तो धरल्यावर हाताला पाणी लागल्याचा भास झाला. तिथे मी मनसोक्त हात लावला. भिंतीला, गजाला, पायरीच्या झिजलेल्या मधल्या खोलगट भागाला. दीडेकशे वर्षं लोक तेच करत आलेत, माझ्या हाताने काय होणार होतं? इथे कुणी काही म्हणालं नाही. परक्याच्या जिन्यापर्यंत येऊ देणारं गाव एका पीचवर अडून बसतं, याचं मला हसूही आलं आणि जरा रागही.

त्या रात्री आम्ही ‘बुशों’मध्ये जेवायला गेलो. बुशों म्हणजे इथली खानावळ, चौकड्यांचे रुमाल, खांद्याला खांदा लागेल अशी टेबलं. आतडी, कोथळा, डुकराचे न सांगण्यासारखे भाग, सगळं प्रेमाने करतात. यादीत एक नाव दिसलं, ‘सेर्व्हेल द कान्यू’, विणकराचा मेंदू. मी दचकले. लेक म्हणाली, घे, शाकाहारी आहे. आलं काय, तर एका वाडग्यात पांढरं मऊ ताजं चीज, त्यात बारीक चिरलेला कांद्याचा भाऊ, पातीसारखी हिरवी चाइव्ह, मिरी, थोडं तेल, थोडं व्हिनेगर. बरोबर पाव. मी पहिला घास घेतला आणि मला कारखान्यातल्या बायकांचा डबा आठवला. फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, त्यात कांदा, मीठ, वरून शेंगाचटणी, आणि कडक भाकरी. मांस परवडायचं नाही त्यांचं हे खाणं. त्याला मेंदू म्हणायचं म्हणजे थट्टाच, आणि थट्टा कोण कुणाची करतं ते ठाऊक आहेच. आता ते काचेच्या वाडग्यात, सुरुवातीचा पदार्थ म्हणून, युरोत. पुण्यात ‘अस्सल सोलापुरी थाळी’मध्ये शेंगाचटणी चिमूटभर वाढतात तेव्हा मला जसं वाटतं तसंच वाटलं. म्हणजे अभिमान आणि चिडचिड, दोन्ही एकाच घासात. चव मात्र उत्तम होती, मी पाव संपवून वाडगा पुसून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मान डोलावली. बहुतेक हा मेंदू असाच खायचा असतो.

शेवटची गुलाबी टार्ट, प्रालीनची (साखरेत घोळवलेल्या बदामांची), दातांत अडकली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटीच बाजारात गेले. लेक कॉलेजला. तेच टेबल, तीच बाई, पाटीवर खडूने लिहिलेला भाव आणि गावाचं नाव. मी हात पाठीमागे बांधले, मारुतीच्या देवळात बांधतात तसे, आणि म्हटलं, “बोंजूर, मादाम.” ती म्हणाली, “बोंजूर, मादाम.” या वेळी मध्ये खड्डा नव्हता. ओळखलं की नाही कळलं नाही. मी बोटाने पीचं दाखवली, तीन बोटं वर केली. तिने काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिने घड्याळ दाखवलं, मग सूर्य, मग दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याचं नाटक केलं. दुपारी, की रात्री? मी झोपेकडे बोट दाखवलं. ती हसली.

मग तिने निवडायला घेतलं. मी आयुष्यात कुणाला फळ निवडताना इतकं लक्ष देऊन बघितलं नव्हतं. एक उचललं, ठेवलं. दुसरं तळहातावर तोललं, कागदी पिशवीत. मागच्या रांगेतून एक काढलं, ते फिरवून वास घेतला, पिशवीत. तिसऱ्याला वेळ लागला. ती पुटपुटत होती, आई नारळाशी बोलायची तशी. पिशवीचं तोंड दोन्ही कानांशी धरून तिने गरकन फिरवलं आणि मला दिली. बोट वर करून काहीतरी बजावलंही. बहुतेक फ्रिजमध्ये ठेवू नकोस.

रात्री जेवण झाल्यावर आम्ही खिडकीशी बसलो. खाली त्राबूलच्या दाराचं कुलूप टक् वाजत होतं, कुणी ना कुणी घरी परतत होतं. पहिलं पीच कापलं तर रस कोपरापर्यंत ओघळला. लाल. दुसरं लेकीने न कापताच खाल्लं. तिसरं दिव्याखाली धरून ती म्हणाली, “आई, हे लागलंय बघ, देठापाशी. दबलंय. टाकू?”

करड्या लवेवर अंगठ्याएवढा बारीक खळगा होता. माझे हात तर पाठीमागे होते.

“आण इकडे,” मी म्हटलं.